वाऱ्याची चाकरी

गेल्या वैशाखांत यवतमाळास बहिणीच्या घरीं दहाबारा दिवस राहण्याचा योग आला. यवतमाळ हें समुद्रसपाटीपासून सुमारें ४५० मीटर उंचीवर वसलेलें गांव. त्यामुळें वर्धा-चंद्रपूरच्या मानानें येथील उन्हाळा सौम्य, अशी तेथील रहिवाशांची समजूत आहे, व पाहुण्यानें ती मोडूं नये असा शिष्टाचारहि आहे. दुपारचा पारा ४४ अंशांवर गेला असतां हा सौम्यपणा कितपत जाणवतो, हें वाचकांनींच ताडावें. त्या दिवसांत आमच्या भाच्याचा संगणक आजारी पडला.

भाचा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षास आहे. दोन वर्षें शिकवण्या करून सांठविलेल्या पैशांतून सुटे भाग आणून त्यानें हा संगणक स्वतःच्या हातानें जुळविला होता. त्याचा मेंदू, ज्यास प्रोसेसर म्हणतात तो, थंड राहावा म्हणून त्यांत पाणी खेळविणारें शीतयंत्र बसविलें होतें: एक लहानसा पंप, दोन रबरी नळ्या आणि मोटारीच्या रेडिएटरसारखी एक पातळ जाळी. असें असूनहि दुपारीं दोनच्या सुमारास काम करतां करतां तो एकाएकीं बंद पडे, आणि तासाभरानें पुन्हां सुरू होई. परीक्षेचा प्रकल्प सादर करण्यास आठ दिवस उरले होते, त्यामुळें घरांत सर्वांचेंच लक्ष त्या पेटीकडे लागलें होतें. "मामा, प्रोसेसर तर थंडच दाखवतो आहे," असें भाचा पुन्हां पुन्हां म्हणे. बहिणीचा प्रश्न निराळा होता. ती म्हणाली, "दादा, पाण्यावर चालणारें महागाचें यंत्र घेतलें तें तापूं नये म्हणूनच ना? मग त्याला वर आणखी पंखे कशाला हवेत?"

प्रश्न दिसावयास साधा आहे; परंतु त्याचें उत्तर शोधूं जातां संगणकाच्या पेटीपासून थेट वाळ्याच्या ताटीपर्यंत मागें जावें लागतें. आणि जातां जातां असें दिसूं लागतें कीं, थंडाव्याच्या साऱ्या इतिहासांत श्रेय बहुधा पाण्यास मिळालें आहे, आणि चाकरी मात्र वाऱ्यानें केली आहे.

वाळा ही आपल्याकडील फार जुनी वस्तु. संस्कृतांत त्याच्या मुळांस उशीर म्हणतात. कालिदासाच्या 'शाकुंतला'त तिसऱ्या अंकाच्या आरंभीं प्रियंवदा उशीराचा लेप व कमळाचीं पानें घेऊन लगबगीनें निघालेली आहे, कारण शकुंतलेस उन्हाची बाधा झाली आहे असें सांगितलें जातें. (यवतमाळकरांस शकुंतला म्हटलें कीं प्रथम आठवते ती मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची आगगाडी. तिच्या डब्यांतून मे महिन्यांत प्रवास केलेल्या माणसास उशीराच्या लेपाची आवश्यकता निराळी पटवून द्यावी लागत नसे.) पुढें सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फज्लनें 'आइन-इ-अकबरी'त बांबूच्या सांगाड्यांत वाळा भरून, त्यावर पाणी शिंपडून थंड केलेल्या झोपड्यांचें वर्णन केलें आहे, व ही चाल अकबराच्या आज्ञेनें रूढ झाली असें म्हटलें आहे. बादशहाच्या पदरीं असलेल्या ग्रंथकारानें प्रत्येक सोय बादशहाच्या नांवावर जमा करावी हें स्वाभाविकच होय.

ह्या ताटीचें मर्म युरोपांत शास्त्ररूपानें मांडलें गेलें तें त्यानंतर जवळजवळ पावणेदोनशें वर्षांनीं. ग्लासगो येथील जोसेफ ब्लॅक ह्यानें १७६० च्या सुमारास सुप्त उष्णतेची कल्पना मांडली: पाण्याची वाफ होतांना तें पुष्कळ उष्णता गिळून टाकतें, परंतु त्याचें तापमान मात्र वाढत नाहीं. उन्हाळ्यांत एक लिटर पाणी हवेंत विरून गेलें कीं तें सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातें. एवढ्या उष्णतेवर जवळजवळ सहा लिटर बर्फगार पाणी उकळीस आणतां येईल. आकडा ऐकून पाण्याविषयीं आदर वाढतो खरा. पण येथेंच एक गोष्ट दृष्टीआड होते. ओल्या ताटीस लागून असलेली हवा दमट झाली, आणि ती तेथेंच थांबून राहिली, कीं पुढचें पाणी विरावयाचें कोठें? ताटी भिजलेलीच राहते, वास सुंदर येतो, आणि खोली तापत जाते. ज्यांनीं ताट्यांच्या घरांत उन्हाळे काढले आहेत त्यांस वारा पडलेल्या दुपारचा हा अनुभव सांगावयास नको. वऱ्हाडांत वैशाखांतला पश्चिमेकडचा जो वारा अंगाची लाही करतो, तोच कोरडा वारा ताटीस हवा असतो. हवा ४४ अंश उष्ण असून तिच्यांतील सापेक्ष आर्द्रता शेंकडा १५ असली, तर ओल्या ताटीतून येतांना ती जास्तींत जास्त २३ अंशांच्या आसपासपर्यंत उतरूं शकते. म्हणजे एकवीस अंशांचा फरक! उलट श्रावणांत हवा ३० अंश व आर्द्रता शेंकडा ८५ असतां हाच फरक जेमतेम दोन अंशांवर येतो. पाणी तेंच, ताटी तीच. पालटला तो वारा.

म्हणूनच १८३० च्या सुमारास उत्तर हिंदुस्थानांतील इंग्रजांनीं एक चमत्कारिक यंत्र प्रचारांत आणलें. त्यास त्यांनीं ग्रीक धाटणीचें 'थर्मँटिडोट', म्हणजे उष्णतेवरचा उतारा, असें भारदस्त नांव दिलें. परंतु वस्तुतः तें धान्य उफणण्याचें यंत्र होतें. खिडकींत तें बसवावयाचें, भोंवतीं वाळ्याच्या ओल्या ताट्या लावावयाच्या, आणि एका माणसानें बाहेर उभें राहून मूठ फिरवीत राहावयाचें, म्हणजे आंतल्या पात्यांनीं बाहेरची हवा ताट्यांतून ओढून खोलींत लोटली जाई. ह्या यंत्राची कुळी मला मोठी अर्थपूर्ण वाटते. खळ्यावर सूप घेऊन वाऱ्याची वाट पाहत उभा असलेला शेतकरी आणि बंगल्यांत वाऱ्याची वाट पाहत पडलेला साहेब ह्या दोघांची अडचण एकच होती. पाणी विहिरींतून हवें तेव्हां काढतां येतें. वारा हवा तेव्हां मिळत नाहीं.

हवा तेव्हां वारा मिळविण्याचा दुसरा उपाय म्हणजे झुलता पंखा. वऱ्हाड प्रांत १८५३ सालीं निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यांत आला. आजच्या यवतमाळ जिल्ह्यास सरकारी कागदांत १९०५ पर्यंत 'वून', म्हणजे वणी, जिल्हा म्हणत. त्या काळांतील कचेऱ्या, न्यायालयें व डाकबंगले ह्यांतून आढ्यास टांगलेले, कापडी झालरीचे लांबरुंद पंखे हें नित्याचें दृश्य होतें. पंख्याची दोरी कप्पीवरून भिंतीच्या भोकांतून बाहेर ओसरीवर जाई, आणि तिच्या दुसऱ्या टोकास पंखेवाला बसे. ही रचना नीट लक्षांत घेण्यासारखी आहे. ज्याच्या श्रमानें वारा उत्पन्न होई तो त्या वाऱ्याच्या बाहेर, झळांत बसलेला असे. दिवस तर दिवस, पण रात्रींहि त्यास जागावें लागे. साहेबाची झोंप त्याच्या जागरणावर अवलंबून. त्याचा डोळा लागला, दोरी थांबली, आणि आंतला मनुष्य घामानें जागा झाला, तर पुढें काय होई ह्याच्या नोंदी त्या काळच्या न्यायालयीन दप्तरांत आहेत. लाथेनें किंवा ठोशानें पंखेवाला मरण पावला, आरोपी गोरा असला, कीं मयताची पाणथरी आधींच वाढलेली होती असा बचाव पुढें येई, आणि पुष्कळदां अल्पशा दंडावर प्रकरण मिटे. हिंवतापाच्या देशांत गरिबाची पाणथरी वाढलेली असणें ही कांहीं विरळा गोष्ट नव्हती. खुद्द लॉर्ड कर्झनसारख्या साम्राज्याभिमानी व्हाइसरॉयासहि गोऱ्यांच्या हातून एतद्देशीयांवर होणाऱ्या अशा मारहाणीची लाज वाटली होती. बर्फाचा इतिहास लिहिणारे, १८३३ सालीं बोस्टनहून गलबतानें कलकत्त्यास बर्फ कसा आला हें मोठ्या कौतुकानें सांगतात. त्या बर्फाच्या व्यापाऱ्याचें नांव सर्वांस ठाऊक आहे. पंखा ओढणारा आणि ताटीवर पाणी मारणारा भिस्ती ह्यांचीं नांवें कोणास ठाऊक आहेत?

विजेनें ही दोरी तोडली. अमेरिकेंत १८८२ सालीं विजेचा पहिला टेबलपंखा निघाला. तेथेंच १९०२ सालीं विलिस कॅरिअर ह्यानें ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठीं हवा नियंत्रित करण्याची योजना आंखली. आंत थंड पाणी खेळणाऱ्या नळ्यांवरून पंख्यानें हवा लोटावयाची, म्हणजे ती थंडहि होते आणि तिच्यांतील दमटपणाहि गळून जातो. ही योजना कामगारांच्या सुखासाठीं नव्हती. दमट हवेनें कागद फुगे व रंगीत छपाई सरके, म्हणून ती करावी लागली. माणसाच्या आधीं कागदाची सोय झाली. हा क्रम पुढेंहि बरेच दिवस टिकला, हें लवकरच दिसेल.

वऱ्हाडांतील मध्यम स्थितींतील घरांत जी क्रांति झाली ती मात्र वातानुकूलनानें नव्हे, तर कूलरनें. पत्र्याची पेटी, तीन बाजूंस लाकडाचा कीस भरलेल्या ताट्या, तळाशीं पाणी, तें वर चढविणारा छोटा पंप, आणि चौथ्या बाजूस खोलीकडे तोंड करून पंखा. थर्मँटिडोटच तें, मूठ फिरविणाऱ्या माणसाच्या जागीं वीज आली इतकेंच. होळी झाली कीं माळ्यावरून कूलर उतरवावयाचा, नव्या ताट्या भरून घ्यावयाच्या, आणि मृग निघाला कीं पुन्हां झांकून ठेवावयाचा, हा विदर्भांतील घराघरांतला वार्षिक संस्कार होऊन बसला आहे. ह्या कूलरनें अशिक्षित-सुशिक्षित सर्वांस एक शास्त्रीय सिद्धान्त शिकविला, आणि तो असा कीं, कूलर लावला तर समोरचें दार किंवा खिडकी उघडी ठेवलीच पाहिजे. पुण्यामुंबईकडचा पाहुणा थंडावा बाहेर जाऊं नये म्हणून हटकून दार लावून घेतो. अर्ध्या तासांत खोली न्हाणीघरासारखी दमट होते, आणि मग घरांतली एखादी आजीबाई उठून मुकाट्यानें दार उघडते. आलेल्या वाऱ्यास जाण्यास वाट नसेल तर तो येतच नाहीं, हें तिला कोणत्याहि पुस्तकानें शिकविलेलें नसतें.

आतां कूलरच्या पेटीवरून संगणकाच्या पेटीकडे वळण्यापूर्वीं मध्यें एका आणखी यंत्राचा उल्लेख केला पाहिजे, तो म्हणजे मोटारीचा रेडिएटर. ताटींतलें पाणी विरून जातें. रेडिएटरमधलें पाणी विरत नाहीं, तें हमालासारखें नुसतें ओझें वाहतें. इंजिनापाशीं उष्णता उचलावयाची, जाळींत आणून टाकावयाची, आणि परत फिरावयाचें. विल्हेल्म मायबाख ह्यानें १९०० सालच्या अखेरीस तयार झालेल्या मर्सिडीज मोटारीस मधाच्या पोळ्यासारखी जाळी बसवून ही युक्ति पूर्णतेस नेली. त्या जाळीच्या मागें पंखा होताच; मोटार धांवत असतां तिला आपोआप वारा मिळतो, पण ती चढावर सावकाश चालूं लागली किंवा उभी राहिली कीं वारा कोठून येणार? घाटांत एस. टी. थांबवून, टोपण उघडून पाणी ओतणारा चालक आपण सर्वांनीं पाहिला आहे. पुढें घरगुती संगणक पाण्यानें थंड करण्याचा नाद ज्या हौशी लोकांस विसाव्या शतकाच्या अखेरीस लागला, त्यांनीं आरंभीं मोटारींतल्या हीटरच्या जाळ्याच काढून संगणकांस जोडल्या होत्या, हें ध्यानांत ठेवावें. भाच्याच्या पेटींतील जाळी ही त्याच घराण्यांतील.

संगणक तापतो हें त्याच्या जन्मापासूनचें दुखणें आहे. १९४६ सालीं अमेरिकेंत लोकांपुढें आलेल्या एनिॲक ह्या यंत्रांत सुमारें १८,००० निर्वात नलिका होत्या, आणि त्यास सुमारें १५० किलोवॉट वीज लागे. ही सर्व वीज शेवटीं उष्णताच होते, कारण गणित हें कांहीं वजन नव्हे कीं तें उचलून ठेवल्यावर त्यांत शक्ति सांठून राहील. तें यंत्र पंख्यांच्या वाऱ्यावर जगत होतें. मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत डॉ. आर. नरसिंहन् ह्यांच्या नेतृत्वाखालीं १९६० सालीं जो पूर्ण संगणक सिद्ध झाला, व ज्यास १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं 'टिफ्रॅक' असें नांव दिलें, त्यांतहि २,७०० निर्वात नलिका होत्या. पुढें नलिका जाऊन लहान, पण दाटीनें बसविलेले भाग आले, तशी उष्णता कमी होण्याऐवजीं एका जागीं एकवटूं लागली. तेव्हां मोठ्या यंत्रांनीं द्रवाचा आश्रय केला. सेमूर क्रे ह्यानें १९७६ च्या आपल्या 'क्रे-१' यंत्रांत फ्रिऑन खेळविला. १९८५ च्या 'क्रे-२' मध्यें तर सगळे भाग एका निर्वाहक, म्हणजे वीज वाहून न नेणाऱ्या, द्रवांत बुडवूनच ठेवले. क्रेच्याच घराण्यांतील एक यंत्र केवळ हवामानाच्या अंदाजासाठीं म्हणून ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस दिल्लीस आलें. त्याहून मोठें यंत्र देण्यास अमेरिकेनें आढेवेढे घेतले, त्यांतूनच १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था उभी राहिली, आणि १९९१ सालीं डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखालीं 'परम ८०००' तयार झाला, ही कथा प्रसिद्धच आहे. भटकर मूळचे अकोला जिल्ह्यांतील मुरंबा गांवचे, हें सांगितल्यावांचून वऱ्हाडी लेखकास राहवत नाहीं.

त्या काळीं बँकांत आणि कचेऱ्यांत संगणक आले तेव्हांची आठवण पुष्कळांस असेल. साहेब पंख्याखालीं घाम पुशीत बसत आणि संगणक मात्र वातानुकूलित खोलींत विराजमान होई; दाराशीं चपला काढून आंत जावें लागे. कॅरिअरच्या कागदाचा मान आतां संगणकाकडे आला होता.

ह्या साऱ्या मालिकेंत आमच्या विषयास सर्वांत जवळचें यंत्र म्हणजे पुण्याच्या पाषाण भागांतील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंत ८ जानेवारी २०१८ रोजीं सुरू झालेला 'प्रत्यूष'. हा क्रे एक्ससी-४० जातीचा, सुमारें ४ पेटाफ्लॉप क्षमतेचा महासंगणक. पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदास एकावर पंधरा शून्यें इतकीं गणितें. हें यंत्र पाण्यानें थंड होतें असें सांगतात, आणि तें खरेंहि आहे. पण त्याची रचना पाहिली तर मौज वाटते. ह्या जातीच्या यंत्रांत कपाटांची लांब रांग असते, आणि त्या रांगेंत मधून मधून नुसत्या पंख्यांनीं भरलेलीं कपाटें असतात. वारा वरखालीं न जातां रांगेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे आडवा वाहतो. एका कपाटांतून तापून निघालेली हवा बाहेर पडतांना पाण्याच्या उभ्या जाळीतून जाते, तेथें आपली उष्णता पाण्यास देऊन पुन्हां निवते, आणि मग पुढच्या कपाटांत शिरते. म्हणजे भागांपासून उष्णता उचलतो तो वाराच. पाणी तिला खोलीबाहेर नेतें. आणि बाहेर गेल्यावर ती शेवटीं पुन्हां उघड्या वाऱ्याच्याच हवालीं होते. २६ सप्टेंबर २०२४ रोजीं त्याच संस्थेंत ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा 'अर्क' आला. त्याच्या जातींत पाणी थेट तापणाऱ्या भागांच्या पाठीवरून फिरविलेलें असतें. तेथें वाऱ्याची मजल कमी झाली; तरी पाण्यानें उचललेली उष्णता शेवटीं हवेच्याच पदरांत पडते.

असल्या यंत्रांची किंमत यवतमाळच्या शेतकऱ्यास काय, असें कोणी विचारील. जिल्ह्यांतील कापूस बहुतांशीं पावसावर पिकतो. मृगाचा एक शिडकावा झाला म्हणून सरकी लावली आणि पुढें तीन आठवडे ढग फिरकले नाहींत, तर बियाणें, खत आणि मजुरी मातींत जाऊन दुबार पेरणीची पाळी येते. ती कर्जावरच करावी लागते, आणि त्या कर्जाचें पुढें काय होतें हें ह्या जिल्ह्यानें फार जवळून पाहिलें आहे. पाऊस आठ दिवसांत येणार कीं पंधरा दिवसांत, एवढें एकच उत्तर हातीं आलें तर एखादें घर वांचतें. तें उत्तर पाषाणच्या कपाटांत वाऱ्याचीं गणितें करून काढावें लागतें, आणि तीं करणाऱ्या भागांस क्षणभरहि थंडावा चुकून चालत नाहीं.

आतां भाच्याच्या पेटीकडे येऊं. अलीकडच्या उत्तम प्रतीच्या घरगुती संगणकांत प्रोसेसर २५० वॉटपर्यंत, आणि चित्रें काढणारें ग्राफिक्स कार्ड ४५० वॉट किंवा त्याहूनहि अधिक वीज खाऊं शकतें. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगांतून सुमारें १०० वॉट उष्णता बाहेर पडते. म्हणजे असा संगणक भरधांव चालला कीं खोलींत सात पाहुणे अधिक बसले असें समजावें. ५०० वॉट उष्णता दहा अंशांच्या फरकानें वाहून न्यावयाची, तर पाणी लागतें दर सेकंदास अवघें १२ ग्रॅम. दोनतीन चमचेच म्हणा ना. हवा लागते दर सेकंदास सुमारें ४५ लिटर, म्हणजे तीन बादल्या. पाण्याचा मोठेपणा तो हाच. परंतु पाण्यानें उचललेलें ओझें जाळींत आल्यावर त्या तीन बादल्या हवा जाळीतून गेलीच पाहिजे, त्यांत सूट नाहीं. पाण्यानें मुक्काम बदलला, हिशेब बदलला नाहीं. आणि बाष्पीभवन येथें मुळींच होत नसल्यामुळें हें पाणी भोंवतालच्या हवेहून थंड कधींच होऊं शकत नाहीं. खोली ४० अंशांवर असेल तर जाळीतलें पाणी ४० च्या वरच राहणार.

दुसरी गोष्ट ह्याहून सूक्ष्म, आणि भाच्याच्या दुखण्याचें खरें निदान तेथेंच होतें. जुन्या पद्धतींत प्रोसेसरच्या डोक्यावर धातूच्या पात्यांचा मनोरा आणि त्यास पंखा असे. तो पंखा प्रोसेसरची चाकरी करतां करतां शेजाऱ्यांसहि वारा घाली: वीज पुरविणारे लहान भाग, स्मरणपट्ट्या, शेजारच्या चकत्या. पाण्याची योजना आली कीं तो पंखा तेथून जातो. प्रोसेसरवर पाण्याची डबी बसते, उष्णता दूरच्या जाळीकडे जाते, आणि बिचाऱ्या शेजाऱ्यांचा वारा बंद पडतो. प्रोसेसर थंड आहे, असें भाचा म्हणत होता तें खोटें नव्हतें. त्याच्या कडेचे, वीज पुरविणारे भाग भाजून निघत होते. अॅपल कंपनीनें २००४ सालीं आपल्या पॉवर मॅक जी-५ ह्या टेबलावरच्या संगणकांत पाण्याची योजना केली तेव्हांहि पेटीच्या निरनिराळ्या दालनांसाठीं निरनिराळे पंखे ठेवलेच होते. म्हणून पाण्याच्या पेटींतहि पुढून किंवा खालून गार हवा आंत घेणारे पंखे आणि मागून-वरून तापलेली हवा बाहेर टाकणारे पंखे असावे लागतात. जाळी कोठें बसवावी ह्याविषयीं जाणत्यांत मतभेद आहेत. ती पुढें बसविली तर प्रोसेसरला ताजी हवा मिळते, पण तापलेली हवा घरांतल्या इतरांच्या तोंडावर येते. वर बसविली तर इतर सुखी, पण जाळीस मात्र ग्राफिक्स कार्डानें तापविलेला वारा मिळतो. माझें मत विचाराल तर ज्या संगणकाचा ग्राफिक्स कार्डावर अधिक भर त्यानें जाळी वर ठेवावी. एकत्र कुटुंबांत खिडकीजवळची खाट कोणास द्यावी ह्या प्रश्नासारखाच हा प्रश्न आहे, आणि त्याचें सर्वांस मान्य असें उत्तर अद्याप निघालेलें नाहीं.

आंत घेणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेहून थोडी अधिक ठेवली, तर फटींतून धूळ शिरत नाहीं, मात्र आंत घेण्याच्या वाटेवर गाळणी हवी. यवतमाळासारख्या कापसाच्या गांवांत ही गाळणी वारंवार झटकावी लागते. जिनिंगच्या दिवसांत रुईचा बारीक तंतु हवेंत असतो, आणि उन्हाळ्यांत त्यावर धूळ बसून त्याचें चांगलें जाड कांबळें तयार होतें.

हें सर्व भाच्यास सांगून मी ती पेटी पाहूं गेलों. धूळ बसूं नये म्हणून ती लिहिण्याच्या मेजाच्या खालच्या कपाटांत ठेवलेली होती. कपाटास दार होतें, व तें लावलेलें होतें. पेटीच्या माथ्यावर, जेथें जाळी आणि तिचे दोन पंखे होते नेमकें तेथें, बहिणीनें स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल चौपदरी घालून वर गणपतीची लहानशी मूर्ति ठेविली होती. मीं मूर्ति देव्हाऱ्यांत हलविली. रुमाल उचलला तेव्हां तो इस्त्री केल्यासारखा गरम होता. बहीण कांहीं बोलली नाहीं.

आम्हीं पेटी बाहेर काढली, गाळणीवरचें कांबळें सोलून टाकलें, आणि पेटीची पाठ मागल्या दाराकडे येईल अशी ती खोलीच्या मध्यावर, कूलरच्या तुषारांपासून दूर, पण त्याच्या वाऱ्याच्या वाटेवर ठेवली. भाच्यानें मागल्या बाजूस आणखी एक पंखा बसविला. त्या दुपारीं यंत्र बंद पडलें नाहीं, दुसऱ्या दिवशींहि नाहीं, आणि प्रकल्प वेळेवर गेला. कूलर चालावा म्हणून मागलें दार सताड उघडें ठेवावें लागे. खोलींतला सारा तापलेला, दमट वारा त्या दारानें बाहेर पडत होता. आणि दाराबाहेर, परसांतल्या मोरीपाशीं, भांडीं घासणाऱ्या बाईंनीं आपला पाट दोन हात पलीकडे, उन्हांत सरकवून घेतला.